नाममुद्रा आणि झिलईचे थेंब : चिनी दगडी चहादाण्यांच्या संग्रहेतिहासाचा एक विचार

१

जुन्या चिनी चहादाण्यांचा संग्रह हा वरवर पाहता हौसेचा, फार तर कलाभिरुचीचा विषय वाटतो. परंतु संग्राहकाने एखादे पात्र हाती घेऊन ‘हे अमुक शतकातील, अमुक कारागिराचे’ असे म्हटले, की तो इतिहासविषयक विधान करीत असतो आणि त्या विधानाला पुराव्याचे सर्व नियम लागू होतात. चीनमधील यीशिंग येथील चहादाण्यांच्या बाबतीत या विधानांचा आधार बहुधा एकच राहिला आहे, तो म्हणजे पात्राच्या बुडावर कोरलेले किंवा ठशाने उठविलेले कारागिराचे नाव. हा आधार कितपत भक्कम आहे आणि त्याच्यापेक्षा भक्कम असा दुसरा पुरावा पात्रावरच सापडतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यातही झिलईदार पात्रांकडे, आणि बिनझिलईच्या पात्रांवर चुकून पडलेल्या झिलईकडे, विशेष लक्ष द्यावयाचे आहे. कारण संग्राहकांच्या परंपरेने नेमकी हीच बाजू दुर्लक्षिली असे दिसते.

प्रारंभी परिभाषेचा प्रश्न सोडविणे अवश्य आहे. पाश्चात्त्य अभ्यासक मृत्पात्रांचे तीन वर्ग मानतात : मंद आचेवर भाजलेली सच्छिद्र पात्रे, सुमारे १,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून दगडासारखी घट्ट झालेली पात्रे, आणि त्याहून अधिक उष्णतेवर भाजलेली शुभ्र, अर्धपारदर्शक पात्रे. यांपैकी मधल्या वर्गाला येथे ‘दगडी पात्रे’ म्हटले आहे. चिनी भाषेत मात्र परंपरेने दोनच वर्ग आहेत, ‘ताओ’ आणि ‘त्स’. तेथे दगडी पात्रांना स्वतंत्र नाव नाही. तीव्र आचेची झिलईदार दगडी पात्रे ‘त्स’मध्ये, तर यीशिंगची बिनझिलईची पात्रे ‘ताओ’मध्ये मोडतात. आपल्या मराठीत तर ‘चिनी माती’ हा एकच शब्द कपबशीलाही लागतो आणि लोणच्याच्या बरणीलाही, वस्तुतः बरणी ही बहुधा झिलईदार दगडी पात्रांपैकीच असते. सारांश, ‘झिलईदार दगडी चहादाणी’ हा वर्ग ती घडविणाऱ्यांनी मानलेला नाही. तो बाहेरच्या अभ्यासकांनी पाडलेला आहे. संग्रहसूचीतील प्रत्येक शब्द वाचताना हे भान ठेवले पाहिजे.

२

चहादाणीचा इतिहास हा चहा करण्याच्या रीतीचा इतिहास आहे. तांग काळात (६१८–९०७) चहाच्या वड्या कुटून, चाळून, पाण्यात उकळीत असत. आठव्या शतकात लू यू याने रचिलेल्या ‘चाजिंग’ या ग्रंथात याच पद्धतीचे वर्णन आहे. सोंग काळात (९६०–१२७९) चहाचे बारीक चूर्ण वाटीत घेऊन त्यावर कढत पाणी ओतीत आणि ते घुसळून फेस आणीत. या दोन्ही रीतींत पाने मुरत ठेवण्याच्या पात्राला स्थानच नाही. लागत असे ती वाटी, आणि पाणी ओतण्यासाठी तोटीचे पात्र. यामुळे तांग अथवा सोंग काळातील झिलईदार तोटीच्या पात्रांना कित्येक सूचींत ‘चहादाणी’ असे जे नाव दिलेले आढळते, ते कालविपर्यासाचे उदाहरण होय. त्यांतून मद्य किंवा कढत पाणी ओतले जाई. ‘हू’ हा चिनी शब्द मद्य, पाणी आणि चहा या तिहींच्या पात्रांना सारखाच लागत असल्याने हा गोंधळ अधिकच वाढला.

पात्राचा उपयोग पात्रावरच लिहिलेला आढळणे हे क्वचितच घडते. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष सापडले. त्यातील एका वाडग्यावर इ.स. ८२६ शी जुळणारी तिथी आहे, आणि मालात मुख्यत्वे हूनान प्रांतातील छांगशा येथील झिलईदार दगडी पात्रे होती. त्यांतील एका वाडग्यावर तो चहाचा वाडगा असल्याचे लिहिले आहे. परंतु चहासाठी तेथे आजचे ‘चा’ हे चिन्ह नसून ‘तू’ हे जुने चिन्ह आहे. ‘तू’ म्हणजे एक कडू वनस्पती. त्या चिन्हातील एक रेघ गाळून ‘चा’ हे स्वतंत्र चिन्ह तांग काळात रूढ झाले. राजधानीच्या ग्रंथांत नवे चिन्ह स्थिरावत असताना कुंभाराच्या हाती जुनेच चिन्ह चालू होते, असा याचा अर्थ होतो. भाषेच्या अभ्यासकाला मृत्पात्रे का पाहावी लागतात, याचे हे एक चांगले उत्तर आहे.

पात्राचा पालट घडला तो मिंग काळात. १३९१ मध्ये या घराण्याचा संस्थापक होंगवू सम्राट याने वड्यांच्या रूपात चहाची खंडणी घेणे बंद करून सुटी पाने पाठविण्याचा आदेश दिला. सुटी पाने कढत पाण्यात मुरत ठेवावी लागतात आणि ओतताना ती वाटीत येऊ नयेत अशी योजना करावी लागते. झाकण, तोटी आणि तोटीच्या मुळाशी पाने अडविण्याची सोय, ही सगळी चहादाणीची अंगे या एका गरजेतून निघाली. आपल्याकडे आधणात चहा, साखर आणि दूध घालून तो उकळण्याची रीत पडली; तीत मुरवण्याच्या पात्राची निकड नाही. ‘चहादाणी’ आणि ‘किटली’ हे दोन्ही शब्द मराठीत बाहेरून घडून आले, यात नवल नाही.

३

यीशिंग हे गाव ज्यांगसू प्रांतात, ताइ सरोवराच्या पश्चिमेस आहे. तेथील लोहयुक्त मातीला ‘त्झशा’, म्हणजे ‘जांभळी वाळू’, असे म्हणतात. ती सुमारे १,१०० ते १,२०० अंशांवर भाजली असता घट्ट होते, तरी काही अंशी सच्छिद्र राहते. चहादाणी चाकावर न घडविता मातीच्या पट्ट्या थापून, वळवून आणि सांधून घडविण्याची तेथील रीत आहे.

या चहादाण्यांचा पहिला इतिहासकार जौ गाओछी होय. इ.स. १६४० च्या सुमारास त्याने ‘यांगश्यन मिंगहू शी’ हा छोटा ग्रंथ रचिला. यांगश्यन हे यीशिंगचेच प्राचीन नाव आहे. त्याच्या वृत्तांतानुसार जिनशा मंदिरातील एका भिक्षूने या कलेस आरंभ केला. तेथे अध्ययनासाठी राहिलेल्या वू शी नामक विद्वानाचा सेवक गोंग छुन हा त्या भिक्षूचे काम पाहून ती शिकला, आणि पुढे वान्ली राजवटीच्या काळात (१५७३–१६२०) शी दाबिन याने ती पूर्णत्वास नेली. या कथेत भिक्षू निनावी आहे आणि सेवकाला नाव आहे. संग्राहकांनी अर्थातच नावाला धरले. गोंग छुनचे पात्र मिळविणे ही पुढील शतकांतील संग्राहकांची परमोच्च आकांक्षा झाली.

याच ग्रंथात एक गद्य, रूक्ष तपशील येऊन गेला आहे. ली माओलिन या कारागिराने चहादाण्या मातीच्या बंद आवरणात ठेवून भाजण्यास आरंभ केला. त्यापूर्वी त्या झिलईदार रांजण आणि बरण्या यांच्याबरोबर उघड्याच भाजल्या जात, आणि म्हणून जुन्या नामांकित चहादाण्यांवरही झिलईचे ओघळ पडलेले असत, असे जौ गाओछी सांगतो. कारागिरांची चरित्रे वाचणाऱ्या रसिकाने हे वाक्य सहज ओलांडून जावे, असेच ते आहे.

१९६६ मध्ये नान्जिंग शहराजवळ वू जिंग नामक दरबारी खोजाच्या थडग्याचे उत्खनन झाले. थडग्यातील लेखावरून दफनाचे वर्ष १५३३ असे निश्चित होते. त्यात वरून कमानीसारखी मूठ असलेली एक यीशिंगची चहादाणी मिळाली. तिच्यावर कोणाचेही नाव नाही. परंतु तिच्या अंगावर झिलईचे थेंब आहेत.

या थेंबांचे मोल नीट पारखले पाहिजे. जौ गाओछीने लिहिले तेव्हा ही चहादाणी जमिनीत जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता. तेव्हा ती पाहून त्याने लिहिले असणे संभवत नाही. उलट, ते थेंब पाडण्यात कुंभाराचा काही हेतू असणेही शक्य नाही. त्याच्या दृष्टीने तो दोषच होता. म्हणजे हे दोन साक्षीदार एकमेकांपासून पूर्णतः स्वतंत्र आहेत, आणि तरी त्यांची साक्ष जुळते. मात्र या जुळणीने सिद्ध होते ते एवढेच, की आरंभीच्या भाजणीविषयी जौ गाओछीला मिळालेली माहिती विश्वसनीय होती, आणि १५३३ पूर्वी अशा चहादाण्या घडत होत्या. भिक्षू आणि सेवक यांची कथा तिने सिद्ध होत नाही. ग्रंथातील एक विधान खरे ठरले म्हणून शेजारचे विधानही खरे मानण्याचा मोह इतिहासलेखनात नेहमीचाच आहे. तो येथेही आवरला पाहिजे. यीशिंगजवळील यांगज्याओशान येथे १९७६ मध्ये मिळालेल्या खापरांवरून या उद्योगाचा आरंभ सोंग काळात नेण्याचा जो प्रयत्न झाला, तोही पुढे विवाद्य ठरला आहे.

४

आता नावाच्या पुराव्याकडे वळू. बेजिंग येथील राष्ट्रीय संग्रहालयात वृक्षाच्या गाठीच्या आकाराची एक प्रसिद्ध चहादाणी आहे. तिच्यावर गोंग छुनचे नाव आहे. १९२८ मध्ये यीशिंगचे छू नानच्यांग यांनी ती सूजौ येथे विकत घेतली. तिचे मूळ झाकण नाहीसे झाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कारागीर हुआंग युलिन याने तो आकार भोपळ्याचा समजून त्याप्रमाणे झाकण केले होते. पुढे चित्रकार हुआंग बिनहोंग यांनी ती वृक्षाची गाठ असल्याचे ओळखले, आणि फै शीमिन यांनी तिला जुळणारे नवे झाकण घडविले. हा सारा वृत्तांत त्या नव्या झाकणावर कोरून ठेवलेला आहे. तथापि ही चहादाणी सोळाव्या शतकातील नसून हुआंग युलिनचीच कृती असावी, असे मत पुढे खुद्द यीशिंगच्या जाणत्या कारागिरांतूनच मांडले गेले. हे मत ग्राह्य धरले, तर झाकणावरील लेख ही एका भ्रमाची काळजीपूर्वक केलेली नोंद ठरते. अग्राह्य धरले, तरी पात्राच्या काळाचा निर्णय नावावरून होत नाही, हे उरतेच.

नावाचा पुरावा असा दुबळा का, याचे कारण संग्राहकांच्या मागणीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लीयांगचा दंडाधिकारी, कवी आणि मुद्राकार छन मानशंग (१७६८–१८२२) याने चहादाण्यांचे आकार योजून त्या यांग फंगन्यन आदी कारागिरांकडून घडवून घेतल्या आणि त्यांवर लेख कोरविले. तेव्हापासून चहादाणी हे हस्ताक्षर आणि मुद्रा वाचण्याचेही साधन झाले. विद्वान संग्राहकाला माती वाचता येत नसे, अक्षर वाचता येई. त्यामुळे किंमत अक्षराला आली, आणि ज्याला किंमत आली त्याची नक्कल झाली. १९३० नंतरच्या दशकात शांघायच्या पुराणवस्तु-व्यापाऱ्यांनी यीशिंगच्या उत्तमोत्तम तरुण कारागिरांना वेतन देऊन शी दाबिन आदी जुन्या नावांची पात्रे घडवून घेतली. त्यांत गू जिंगजौ (१९१५–१९९६) हेही होते. पुढे ते त्या कलेचे सर्वश्रेष्ठ आचार्य मानले गेले, आणि संग्रहालयांतून व खाजगी संग्रहांतून जुनी म्हणून ठेवलेली आपली तरुणपणची कामे त्यांनी स्वतःच ओळखली. २०१० मध्ये त्यांच्या नावाची एक चहादाणी चीनमधील लिलावात १ कोटी २३ लक्ष युआनांहून अधिक किमतीस गेली. आणि आता खुद्द त्यांच्याच नावाच्या नकला सर्वत्र झाल्या आहेत.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अनोळखी नाही. अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रा हा कर्तृत्वाचा पुरावा मानला, तर नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचना वेगळ्या काढणे दुर्घट होते, आणि तुकोबांच्या मुद्रेने चालणाऱ्या प्रत्येक अभंगाला गाथेत स्थान द्यावे लागते. तेथे आपण भाषेची रूपे, छंद, पोथीचा काळ आणि परंपरा पाहतो. लिहिणाराच्या नकळत जे लिहिले जाते, त्यावर आपला भर असतो. चहादाणीच्या बाबतीत मातीचा कस, पट्टी सांधल्याची आतील खूण, बोटांचे आणि हत्याराचे ठसे, भाजणीचा रंग आणि झिलईचे थेंब हे त्या ‘नकळत लिहिलेल्या’ मजकुराच्या जागी आहेत.

५

नावाच्या या ओढीचा दुसरा परिणाम असा, की यीशिंगचीच झिलईदार परंपरा संग्राहकांच्या इतिहासात मागे पडली. मिंग काळाच्या उत्तरार्धात ओउ नावाच्या कारागिराची भट्टी यीशिंगमध्ये प्रसिद्ध होती. सोंग काळातील ‘जून’ पात्रांच्या निळसर, दाट झिलईचे अनुकरण करणारी ही पात्रे पुढे ‘यीजून’, म्हणजे यीशिंगची जून पात्रे, या नावाने ओळखली जाऊ लागली. छिंग काळात ग मिंगशियांग आणि ग युआनशियांग या बंधूंनी ती परंपरा चालविली. कांगशी सम्राटाच्या काळात (१६६२–१७२२) यीशिंगहून साध्या चहादाण्या बेजिंगच्या राजवाड्यात नेऊन त्यांवर रंगीत मिनाकामाची फुले काढीत आणि त्या पुन्हा मंद आचेवर भाजीत. अशी काही पात्रे तैपेई येथील राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहेत. अठराव्या शतकात निळ्या-हिरव्या ठिपक्यांच्या झिलईने संपूर्ण झाकलेल्या चहादाण्याही झाल्या.

विद्वान रसिकांचा या पात्रांवर आक्षेप असा, की झिलईने मातीचा रंग आणि स्पर्श झाकला जातो. आक्षेप अभिरुचीचा म्हणून समजण्याजोगा आहे. पण त्याबरोबर असेही घडले, की झिलईखाली लेख कोरण्यास अवसर राहिला नाही आणि लेखाविना पात्राला चरित्र राहिले नाही. यीशिंगच्या भट्ट्यांचा मोठा व्यवहार मात्र सदैव झिलईदार रांजण आणि बरण्या यांचाच होता. चहादाण्या त्यांच्या शेजारी जागा मिळेल तशा भाजल्या जात. वू जिंगच्या थडग्यातील चहादाणीवरचे थेंब हे या विस्मृत शेजाऱ्यांची एकमेव सही होय.

येथे एका सावधगिरीचा उल्लेख केला पाहिजे. चमक म्हणजे झिलई नव्हे. सयामात यीशिंगच्या चहादाण्या घासून तुळतुळीत करण्याची आणि त्यांच्या तोटीला व झाकणाला धातूचे कडे बसविण्याची रीत होती. चुलालाँगकॉर्न राजाच्या काळात (१८६८–१९१०) अशा चहादाण्या मुद्दाम मागविल्या जात. वर्णनात केवळ ‘चकचकीत’ असे लिहिलेले पात्र झिलईदार मानले, तर दोन भिन्न देशांच्या अभिरुची एकत्र कालविल्या जातात.

६

युरोपातील संग्राहकांपुढे अक्षराचा मोह नव्हता, कारण त्यांना ते वाचता येत नव्हते. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांबरोबर या तांबड्या चहादाण्या तेथे पोहोचल्या. त्यांना तेथे ‘बुकारो’ हे नाव पडले. वस्तुतः पोर्तुगीज भाषेत तो शब्द सुगंधी तांबड्या मातीच्या मंद भाजलेल्या पात्राचा आहे. फूज्यनच्या बोलीतील ‘ते’ डचांनी उचलला आणि पोर्तुगीजांनी दक्षिणेकडील ‘चा’ स्वीकारला. आपला ‘चहा’ या दुसऱ्या कुळातील आहे. पेयाचे नाव असे दोन वाटांनी गेले; पात्राला मात्र तिसऱ्याच वस्तूचे नाव चिकटले.

अक्षर न वाचणाऱ्या या संग्राहकांनी माती वाचली. डेल्फ्ट येथील आरी द मिल्डे (१६३४–१७०८) आणि इंग्लंडमधील स्टॅफर्डशर येथे १६९० नंतरच्या दशकात एलर्स बंधू यांनी तांबडी दगडी चहादाणी घडविण्यात यश मिळविले. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्टस (१६७०–१७३३) याच्या संग्रहातील यीशिंगची पात्रे समोर ठेवून योहान फ्रीडरिश ब्योटगर याने तांबडे दगडी पात्र सिद्ध केले. त्यावर काही वेळा काळी झिलईही चढविली. या प्रयोगमालेतूनच शुभ्र चिनी मातीचे रहस्य उलगडले आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. ड्रेस्डेनच्या त्या संग्रहाची १७२१ मध्ये यादी करण्यास आरंभ झाला. यादीत क्रमांक आले आणि तेच क्रमांक पात्रांवर घातले गेले. त्यामुळे अमुक पात्र त्या काळी तेथे होते असे आज निश्चयाने म्हणता येते. कर्त्याचे नाव न सांगणारा हा क्रमांक कालनिर्णयासाठी बुडावरील मुद्रेहून अधिक उपयोगी पडतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

जपानमध्ये वेगळाच मार्ग दिसतो. ओकू गेम्बो याने १८७६ मध्ये ‘मेइको झुरोकू’ या ग्रंथात ३२ चहादाण्यांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. त्यात आकार, माती आणि रंग यांना लेखाइतकेच महत्त्व आहे. पुढे १८७८ मध्ये जिन शीहंग या चिनी कारागिराने तोकोनामे येथील कुंभारांना यीशिंगची घडण शिकविली. हाँगकाँगमध्ये लो क्वी-सिअँग (१९१०–१९९५) यांनी जमविलेली पात्रे १९८४ मध्ये उघडलेल्या चहापात्र-संग्रहालयाचा पाया झाली. १९८६ मध्ये त्यांनी यीशिंगच्या दगडी पात्रांचा इतिहासही लिहिला. संग्राहक इतिहासकार झाल्याचे हे अलीकडचे ठळक उदाहरण.

७

वरील विवेचनावरून पुराव्याची काही एक उतरंड लावता येईल. सर्वांत वर ज्ञात वर्षाच्या थडग्यातून किंवा जहाजातून, नोंदीसह निघालेले पात्र. त्यानंतर जुन्या यादीत ओळखू येणारे पात्र. त्याखाली घडण, माती आणि भाजणी यांच्या अनिच्छित खुणा. आणि सर्वांत शेवटी बुडावरील नाव. झिलईचे थेंब तिसऱ्या पायरीवर आहेत, आणि तेही कायमचे नव्हेत. ही खूण आता सर्वश्रुत झाली असल्यामुळे नकलाकार उद्या थेंबही मुद्दाम पाडील, आणि मग त्यांची अनिच्छितता संपेल. म्हणून कोणतीही एक खूण निर्णायक मानता येत नाही. स्वतंत्र साक्षींची जुळणी हाच आधार राहतो. ज्या पात्राचे उत्खननस्थान बाजारात येता येता पुसले गेले, त्याच्याबाबतीत ही जुळणी कायमची अशक्य होते. संग्राहकाने केलेल्या हानींत नकलेला उत्तेजन देण्यापेक्षा ही हानी मोठी आहे. नक्कल पुढे ओळखता येते, हरवलेले स्थान परत मिळत नाही.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील चिनी आणि जपानी वस्तू बव्हंशी टाटा कुटुंबीयांच्या संग्रहातून आल्या आहेत. अन्यत्रही पूर्वेकडील व्यापाराबरोबर आलेली दगडी पात्रे विखुरलेली आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी अशा पात्रांची वर्णने करताना नाव शेवटी लिहावे. आधी माती, सांधा, झिलई, झाकणाची बैठक आणि पात्र कोठून आले याची नोंद करावी. थडग्यातल्या चहादाणीवर नाव नव्हते म्हणूनच तिचे थेंब पाहिले गेले, हे ध्यानात ठेवले तरी या लेखाचा हेतू सफल होईल.